वजनाच्या यादीत न सापडणारं लेकरू : वऱ्हाडात मुलांची उंची कुठं खुंटते आणि का

अकोला (जुने शहर) : अंगणवाडीत महिन्याच्या महिन्याला वजन होतं. पालकसुद्धा विचारतात, 'ताई, किती भरलं?' उंची किती भरली, हे सहसा कोणी विचारत नाही. सेविका उंचीही मोजते, मोबाईलमध्ये भरते, आणि तो आकडा तिथंच राहतो. पेपरात बातमी येते ती सॅम आणि मॅमच्या बालकांची, म्हणजे उंचीच्या मानाने फार बारीक झालेल्या लेकरांची. पण जे लेकरू बारीक दिसत नाही, गालही बरे आहेत, खेळतं आहे, फक्त शेजारच्या त्याच वयाच्या पोरापेक्षा चार बोटं कमी आहे, ते कोणत्याच यादीत येत नाही. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी एक असं आहे. सरकारी भाषेत याला खुजेपणा किंवा बुटकेपणा म्हणतात.

हा खुजेपणा सगळीकडे सारखा नाही. मेळघाटात वेगळा, खारपाणपट्ट्यात वेगळा, अकोल्याच्या मोर्णाकाठच्या वस्तीत वेगळा. कारणंही वेगळी. त्यामुळे 'जिल्ह्याचं प्रमाण इतकं' असा एकच आकडा सांगून भागत नाही. हा लेख त्या फरकाबद्दल आहे.

खुजं कोणाला म्हणायचं?

आधी तीन शब्द वेगळे करून घेऊ, कारण बातम्यांमध्ये त्यांची हमखास भेळ होते. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर खुजेपणा. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर लुकडेपणा. सॅम-मॅम हे त्याचेच प्रकार. आणि वयाच्या मानाने वजन कमी, ते नुसतं 'कमी वजन'. लुकडेपणा पंधरा दिवसांच्या हगवणीनेही येतो आणि नीट खायला मिळालं तर जातोही. खुजेपणा महिनोन्‌महिने साचत जातो. पिकाला मधेच पाण्याचा ताण पडला तर पानं कोमेजतात, पाऊस आला की पुन्हा तरतरीत होतात, तो लुकडेपणा. कपाशीचं झाड सुरुवातीच्या दिवसांतच खुरटलं तर पुढे कितीही खत द्या, बोंडं लागतील पण झाड त्या वावरातल्या बाकीच्यांच्या बरोबरीला येत नाही, तो खुजेपणा.

मोजमाप जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये ठरवून दिलेल्या तक्त्यावरून होतं. त्या तक्त्याप्रमाणे जन्मताच मुलाची लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते, मुलीची ४९. पहिल्या वर्षात बाळ २५ सेंटिमीटर वाढतं. पुढे आयुष्यात एका वर्षात इतकी वाढ कधीच होत नाही. दुसऱ्या वर्षात साधारण १२. एक वर्षाचा मुलगा सरासरी ७५.७ सेंटिमीटर असायला हवा, मुलगी ७४. मुलगा ७१ च्या खाली किंवा मुलगी ६८.९ च्या खाली असेल तर ते लेकरू खुजं धरलं जातं. दोन वर्षांच्या मुलाला झोपवून मोजलं तर सरासरी ८७.८ आणि खालची हद्द ८१.७, मुलीला सरासरी ८६.४, हद्द ८०. पाच वर्षांचा मुलगा ११० असावा, १००.७ च्या खाली गेला तर खुजा. पाच वर्षांच्या मुलीसाठी ही हद्द ९९.९ आहे. हे आकडे कागदावर लिहून घराच्या भिंतीला चिकटवायला हरकत नाही.

'आईबापच बुटके आहेत, लेकरू कुठून उंच होईल?'

हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं, शिकलेल्यांच्या तोंडूनही. एका लेकराबद्दल ते खरं असू शकतं. पण गावच्या गाव, तालुकाच्या तालुका खुजा असेल तर हे उत्तर चालत नाही. वर सांगितलेला तक्ता तयार करताना सहा देशांतली मुलं मोजली गेली होती : ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती, खाऊनपिऊन असलेल्या घरांतली, आईचं दूध मिळालेली. पाच वर्षांपर्यंत त्या मुलांची उंची नॉर्वेच्या मुलांच्या जवळपास होती. म्हणजे आपल्या रक्तात खोट नाही. वाढीची संधी मिळाली तर आपलं लेकरूही वाढतं.

आईच्या उंचीचा संबंध मात्र आहे, आणि तो वेगळ्या अर्थाने. आई स्वतः लहानपणी खुजी राहिली असेल तर तिचं शरीर लहान, गर्भाला मिळणारी जागा आणि अन्न कमी, बाळ कमी वजनाचं. ती मुलगी पुन्हा लहानच आई होते. हे रक्त नाही, तर दोन पिढ्यांपूर्वीच्या उपासमारीची उधारी आहे. त्यात लग्न लवकर झालं तर आणखी भर, कारण सतरा वर्षांच्या मुलीचं स्वतःचं शरीर भरत असतं आणि पोटातलं बाळही त्याच ताटातलं मागत असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांनी आपलं लग्न अठराच्या आत झाल्याचं सांगितलं. पाचातली एक.

पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास केला. त्या बायांचं गरोदर होण्याआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. ज्या बाया हिरवी पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी निघाली. आणि ज्या शेतात राबणं, पाणी वाहणं अशी जड कामं जास्त करत होत्या त्यांची लहान. हा अभ्यास पुण्याकडचा असला तरी वऱ्हाडातल्या कोणत्याही वावरात निंदणाला गेलेल्या सात महिन्यांच्या गरोदर बाईला तो लागू पडतो.

देशाचा आणि राज्याचा हिशोब

२००५-०६ मध्ये देशात ४८ टक्के मुलं खुजी होती. २०१५-१६ मध्ये ३८.४, २०१९-२१ मध्ये ३५.५. घट आहे, पण संथ. मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं तेव्हा २०२२ पर्यंत २५ टक्क्यांवर यायचं असं ठरलं होतं. जमलं नाही.

राज्याराज्यांतला फरक विचार करायला लावणारा आहे. २०१९-२१ मध्ये मेघालयात ४६.५ टक्के, बिहारात ४२.९, उत्तर प्रदेशात ३९.७. दुसऱ्या टोकाला सिक्कीम २२.३, केरळ २३.४, तमिळनाडू २५, गोवा २५.८. कारखाने आणि पैसा असलेला गुजरात ३९ वर आहे. पैसा आला की उंची आपोआप येते असं नाही, हे गुजरातकडे पाहून कळतं. मेघालयातली मुलं खुजी आहेत पण लुकडी कमी आहेत. महाराष्ट्रात दोन्ही आहे. लुकडेपणात तर २५.६ टक्क्यांसह महाराष्ट्र त्या पाहणीत सगळ्या राज्यांच्या वर होता. मुंबई ज्या राज्याची राजधानी आहे त्या राज्याबद्दल हे सांगतो आहोत.

महाराष्ट्राची गोष्ट मधेच अडकलेली आहे. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. सनदी अधिकारी व्ही. रमणी त्याचे पहिले महासंचालक. रिकाम्या जागा भरणं, मुलाच्या पहिल्या हजार दिवसांकडे लक्ष देणं, आरोग्य खातं आणि महिला-बालविकास खातं एकत्र बसवणं, असं साधं काम होतं. २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र पोषण पाहणी करून घेतली तेव्हा दोन वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा ३९ टक्क्यांवरून २३-२४ च्या आसपास आल्याचं दिसलं. देशभर त्याचं कौतुक झालं. पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांचं प्रमाणही २००५-०६ मधल्या ४६.३ वरून २०१५-१६ मध्ये ३४.४ वर उतरलं. त्यानंतर गाडी थांबली. २०१९-२१ चा आकडा ३५.२. देश थोडा पुढे सरकला, महाराष्ट्र जागेवरच राहिला, उलट पाऊणभर टक्का मागे.

आणखी एक गोष्ट. देशात खेड्यातला खुजेपणा शहरापेक्षा सात टक्क्यांनी जास्त आहे. महाराष्ट्रात शहर आणि खेडं दोन्ही ३५ च्या आसपास, फरक जवळजवळ नाहीच. म्हणजे कुपोषण म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त मेळघाट आणणं चुकीचं आहे. ते अकोल्याच्या बाजारपेठेमागेही आहे.

मेळघाट : सगळ्यांना माहीत असलेला, तरी न कळलेला

अमरावती जिल्ह्याचे चौदा तालुके. त्यातले धारणी आणि चिखलदरा म्हणजे मेळघाट. वस्ती मुख्यतः कोरकू. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हललं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि तेव्हापासून कोणती ना कोणती याचिका चालूच असते. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी, धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या महान ट्रस्टने वर्षानुवर्षं काम केलं. मृत्यू पूर्वीपेक्षा कमी झाले. पण जगलेल्या लेकराची उंची किती, हा प्रश्न मृत्यूच्या आकड्यामागे दडून जातो. मेळघाटाची चर्चा दर पावसाळ्यात मृत्यूंवर सुरू होते आणि पोळ्यापर्यंत विरते.

इथं उंची खुंटण्याला एकच कारण नाही, ती एकमेकांवर चढलेली आहेत. पूर्वी डोंगरउतारावर कोदो, कुटकी, सावा पिकायचा. जंगलातून भाज्या, कंद, मोहफूल, मासे यायचे. आता बऱ्याच वावरात सोयाबीन आहे, ते विकलं जातं, आणि घरात रेशनचा तांदूळ-गहू येतो. पोट भरतं, ताट मात्र एकरंगी होतं. दिवाळीनंतर काम संपतं आणि घरंच्या घरं खाली उतरतात, अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर, वीटभट्टीवर, बांधकामावर, परजिल्ह्यात. होळीला परत येतात. त्या तीन-चार महिन्यांत लेकराचं नाव गावच्या अंगणवाडीत आणि लेकरू भट्टीवर. सहा महिन्यांचं बाळ नेमकं त्याच काळात वरचं खाणं सुरू करण्याच्या वयात आलं असेल तर त्याला आई कामावरून येईपर्यंत बिस्किट आणि चहा. हे कोणत्याही रजिस्टरात येत नाही.

पावसाळा दुसऱ्या टोकाचा. पेरणीत आई दिवसभर वावरात, घरात धान्य संपत आलेलं, नाल्याला पूर, मलेरिया आणि हगवण. त्या चार महिन्यांत वाढ थांबते. पुन्हा सुरू होईपर्यंत हिवाळ्यात स्थलांतर. अशी दोन वर्षं गेली की लेकराच्या हाडात ती कायमची लिहिली जातात.

सरकारने इथं योजना कमी दिल्या असं नाही. २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं. नंतर मुलांसाठी अंडी किंवा केळी आली. दवाखान्यात लेकराजवळ राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरीची तरतूद आहे. पण जेवण अंगणवाडीत आणि बाई तीन किलोमीटरवरच्या वावरात, हा पेच कागदावर सुटत नाही. राज्यात अशीच अवस्था नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात, पालघरच्या जव्हार-मोखाड्यात. नंदुरबार तर लागोपाठच्या पाहण्यांत राज्याच्या सरासरीच्या बराच वर राहिला आहे.

मेळघाटाचा एक तुकडा आता अकोला जिल्ह्यातही आहे, हे सपाटीवरचे लोक विसरतात. व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा, अमोना, बारुखेडा ही गावं अकोट-तेल्हारा भागात वसवली गेली. जानेवारी २०१९ मध्ये त्यातले लोक जमीन आणि सोयींसाठी परत जंगलात गेले आणि वनखात्याशी झटापट झाली, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. जंगल सुटलं म्हणजे रानभाजी, मासे आणि मध सुटला. हातात आलेला पैसा किती दिवस पुरतो, ते जमीन गेलेल्या कोणत्याही कास्तकाराला विचारा. अशा गावातलं लेकरू 'अकोला जिल्हा' या सरासरीत मिसळून दिसेनासं होतं. म्हणून जिल्ह्याचा आकडा वाचताना सावध राहावं.

खारपाणपट्टा : पाणी आहे पण पिता येत नाही

पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, भातकुली अशा तालुक्यांतली गावंच्या गावं त्यात येतात. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण खारं. ८४ खेडी योजना, खांबोऱ्याची ६४ खेडी योजना अशा नळयोजनांवर गावं अवलंबून आहेत, आणि नळ रोज येत नाही.

खाऱ्या पाण्याचा आणि लेकराच्या उंचीचा काय संबंध? थेट नाही, पण वळसा घालून आहे. खाऱ्या पाण्यावर परसबाग धरत नाही. ज्या घराच्या मागे पालक, चवळी, शेवगा नाही, तिथं भाजी आठवडी बाजारातून येते, ती दोन दिवस टिकते. ओलिताचा चारा नाही म्हणून दुभतं जनावर कमी. असलं तरी दूध डेअरीला जातं. पिण्याचं पाणी साठवून ठेवावं लागतं, ड्रममध्ये, टाक्यात. त्यात ग्लास बुडवला, लेकराचा हात गेला, की हगवण. आणि ते पाणी आणतं कोण? पुण्याच्या अभ्यासातली ती जड काम करणारी गरोदर बाई इथं हंडा घेऊन उभी आहे.

इथला जेवणाचा बदल जरा सविस्तर सांगायला हवा. तीसेक वर्षांपूर्वी वऱ्हाडाच्या काळ्या मातीत ज्वारी होती, कपाशीत तुरीचं तास असायचं, मूग-उडीद असायचा. लेकराला उष्टावणानंतर ज्वारीच्या कण्या, मुगाचं वरण, भाकरीचा पापुद्रा ताकात कुस्करून मिळायचा. ज्वारी गेली, कारण रानडुकरं ठेवत नाहीत आणि भाव नाही. कुटार गेलं म्हणून जनावरं गेली. जनावरं गेली म्हणून ताक गेलं. मूग-उडीद पावसाच्या लहरीपणाने परवडेना. सोयाबीन आलं. सोयाबीनमध्ये प्रथिनं भरपूर, हे खरं, पण ते सगळं अडत्याकडे जातं, कोण्या घरात सोयाबीनची भाकर होत नाही. हा कास्तकाराचा दोष नाही, त्याने बाजार पाहिला. पण लेकराच्या वाटीवर त्याचा परिणाम झाला हे मान्य करावं लागतं. डाळ पिकवणारं घर तूर विकून पातळ वरण खातं, हे वऱ्हाडात नवीन नाही.

अकोल्याचं जुनं शहर

मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर असदगड किल्ला, राजराजेश्वराचं मंदिर आणि त्याभोवतीच्या गल्ल्या. इथं दवाखाना लांब नाही. जिल्हा स्त्री रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नदी ओलांडली की. दुकानात अंडी, केळी, दूध सगळं मिळतं. तरी काठच्या दाट वस्त्यांमध्ये खुजी मुलं सापडतात.

इथली कारणं मेळघाटासारखी नाहीत. जागा हे पहिलं. एका खोलीत सहा माणसं, बाहेर उघडी नाली, पावसाळ्यात मोर्णेला पूर आला की घाण घरापर्यंत. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकरांनी मोर्णा साफ केली, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं. पण सांडपाणी नदीत येणं थांबल्याशिवाय नदी साफ राहत नाही. रांगणारं बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. वारंवार जंतू पोटात गेले की आतड्याचं अस्तर खराब होतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. हगवण दिसली नाही तरी हे आत चालू राहतं.

दुसरं, आईचं काम. दालमिल, धुणीभांडी, बांधकाम. अकोला हे दालमिलचं शहर आहे. डाळ निवडणाऱ्या बाईच्या घरी लेकराच्या वाटीत डाळ किती, हा प्रश्न अवघड वाटेल पण विचारायला हवा. मोठी बहीण, तीही नऊ-दहा वर्षांची, लेकरू सांभाळते आणि रडलं की पाच रुपयांचं कुरकुऱ्याचं पाकीट. पोट भरतं, भूक मरते, वाढ होत नाही. शहरातल्या लेकराचा हा नवा आहार आहे आणि आता तो प्रत्येक खेड्यातल्या किराणा दुकानात लटकलेला दिसतो.

तिसरं, अंगणवाडीची पोच. खेड्यात सेविकेला घर न्‌ घर माहीत असतं. शहरात भाडेकरू बदलतात, अंगणवाडी भाड्याच्या खोलीत, आणि नुकतंच आलेलं कुटुंब कोणाच्याच यादीत नसतं.

संडास बांधले, मग उंची का वाढली नाही?

उघड्यावर शौचाला जाण्याचा आणि खुजेपणाचा संबंध असल्याचं बऱ्याच अभ्यासांनी दाखवलं होतं. म्हणून मोठी आशा होती. मग बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत प्रत्यक्ष प्रयोग झाले. काही गावांना चांगले संडास, हात धुण्याची सोय, पाणी शुद्ध करण्याचं साधन दिलं. २०१८-१९ मध्ये निकाल आले. नुसत्या या सोयींनी उंचीत फरक पडला नाही. जिथं बाळाच्या आहारात भर घातली तिथं थोडा पडला. याचा अर्थ संडास नको असा कोणी काढू नये. अर्थ इतकाच की एका घरी संडास आणि पूर्ण वस्तीत नाली उघडी, तर जंतू येतच राहतात. आणि स्वच्छता वाढवून ताट तसंच ठेवलं तर उंची वाढत नाही.

ताटाबद्दलही एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं. २०१७ मध्ये निकाल आला, खुजेपणा जवळजवळ निम्म्यावर आला. तोच प्रयोग आफ्रिकेत मलावीमध्ये केला तर फरक दिसला नाही, कारण तिथली बाळं आधीच मासे खात होती. म्हणजे ज्या ताटात मुळातच दूध, अंडी, मासे नाहीत, तिथं अंड्याने काम होतं. आपलं ताट कोणत्या प्रकारचं? २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी फक्त ११.३ टक्क्यांना किमान पुरेसा आहार मिळत होता. महाराष्ट्र त्याच्याही खाली.

अंगणवाडीतल्या सर्वसाधारण मुलाच्या आहारासाठी दिवसाला आठ रुपये हा दर २०१७ मध्ये ठरला. आज एक अंडं सात रुपयांच्या घरात जातं. हिशोब वाचकांनी करावा.

नेपाळने हे करून दाखवलं आहे. तिथं २००१ मध्ये ५७ टक्के मुलं खुजी होती, २०२२ मध्ये २५. पेरूमध्ये २००८ मध्ये २८ टक्के होती, २०१६ मध्ये १३. पेरूने एक गोष्ट नेटाने केली : प्रत्येक आईला तिच्या लेकराची उंची सांगितली, आणि ती किती असायला हवी तेही.

योजनेच्या जाळीतून काय गळतं

ग्राम बालविकास केंद्र, बाल उपचार केंद्र, पोषण पुनर्वसन केंद्र ही सगळी व्यवस्था लुकड्या मुलांसाठी आहे. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लेकरू भरती होतं. ते बरोबरच आहे, कारण ते लेकरू दगावू शकतं. पण खुजं लेकरू उंचीही कमी आणि वजनही कमी, त्यामुळे प्रमाणात दिसतं आणि 'साधारण' म्हणून सुटतं. त्याच्यासाठी भरतीची जागा नाही आणि औषधही नाही. त्याचा इलाज गरोदरपणापासून दोन वर्षांपर्यंतच, घरात. दोन वर्षांनंतर थोडी भरपाई होते, पूर्ण क्वचितच. उंचीबरोबर मेंदूची वाढही त्याच काळात होत असते, म्हणून पुढे शाळेतही हा फरक दिसू शकतो. सगळी खुजी मुलं अभ्यासात मागे पडतात असं मात्र नाही. कोणत्या लेकराला तसं चिडवूही नये.

मोजणीतला घोळ वेगळाच. दोन वर्षांखालच्या लेकराला झोपवून मोजायचं, त्यासाठी लाकडी किंवा प्लास्टिकची फळी असते. त्यापुढच्याला उभं करून. झोपवून मोजलं तर साधारण पाऊण सेंटिमीटर जास्त भरतं, त्यामुळे कशी मोजली ते लिहिणं गरजेचं. लेकरू रडतं, पाय आखडतं. एकट्या सेविकेला ते जमत नाही. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ दाबून तळपाय फळीला टेकवायचे. केसांत अंबाडा, पायात बूट, भिंत वाकडी, यापैकी काहीही असलं तर दोन सेंटिमीटरची चूक सहज होते, आणि दोन सेंटिमीटरने लेकरू या यादीतून त्या यादीत जातं. २०२१ पासून हे सगळं पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये भरलं जातं. ॲप हिशोब अचूक करतं, पण आत टाकलेला आकडा तपासत नाही. जन्मतारीख अंदाजे लिहिली असेल तर आणखी गोंधळ. 'पोळ्याच्या आसपास झालं' एवढ्यावर महिना ठरवला तर वयच चुकतं.

पालकांनी काय मागावं

गरोदरपणी नाव नोंदवताच माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. त्यात वजनाचा आलेख असतो. सहाव्या, नवव्या, बाराव्या, अठराव्या आणि चोविसाव्या महिन्याला सेविकेकडून किंवा आशाताईकडून उंची मोजून घ्यावी आणि वजनाशेजारी पेनाने लिहून मागावी. दोन मोजण्यांच्या मधे उंची जवळपास तशीच राहिली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं, लेकरू आजारी दिसत नसलं तरी. सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं लगेच सुरू करावं. आपल्याकडे मुहूर्त पाहून उष्टावण आठव्या-नवव्या महिन्यावर जातं, ते दोन महिने परत मिळत नाहीत. खाणं पातळ पाणी नको, चमच्यावरून घसरणार नाही इतकं दाट असावं. त्यात डाळ, तेल किंवा तूप, भाजी, आणि घरात चालत असेल तर अंडं. घरात चालत नसेल तर दूध-दही आणि शेंगदाण्याचं बारीक कूट.

स्थलांतरावर जाणाऱ्या कुटुंबाने निघण्याआधी हे कार्ड सोबत घ्यावं. ज्या गावी काम लागेल तिथल्या अंगणवाडीत लेकराचं नाव घालता येतं आणि पोषण ट्रॅकरवर नोंद एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवता येते. वीटभट्टीच्या मालकाने किंवा मुकादमाने जवळच्या सेविकेला लेकरांची संख्या सांगितली तरी काम होतं. त्याला त्यासाठी काही खर्च येत नाही.